चिखलणीशिवाय भात: वीस गुंठ्यांच्या नोंदी, खरीप २०२५ (सुधागड, रायगड)

३० मार्च २०२५

डोंगराच्या पायथ्याला आमची वीस गुंठे भातशेती आहे, चार खाचरं, एकाखाली एक. यंदा त्यात एसआरटी करायचं ठरवलंय, म्हणजे सगुणा राईस तंत्र, नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी बसवलेली पद्धत. गादीवाफे एकदाच करायचे आणि परत मोडायचे नाहीत. राब (पालापाचोळा भाजलेल्या जागेत रोपं तयार करणं) नाही, चिखलणी (पाणी साठवून नांगराने चिखल करणं) नाही, लावणी नाही, साच्याने भोकं पाडून थेट बी टोकायचं आणि कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची. आमच्या गावात अजून कुणी केलेलं नाही म्हणून जमेल तसं लिहून ठेवतोय, पुढच्याला उपयोग होईल.

का करतोय ते सांगतो. २०२३ ला पाऊस मुंबईत यायलाच २५ जून उजाडला, आमची लावणी जुलैच्या मध्यापर्यंत रेंगाळली आणि पुढे ऑगस्ट कोरडा गेला, देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट तो. चिखल केलेली जमीन वाळली की सिमेंटसारखी होते, भेगा पडतात आणि भेगेबरोबर रोपाची मुळंही तुटतात. तेव्हापासून डोक्यात आहे की पाऊस कधी येईल यावरच जिचं सगळं वेळापत्रक उभं आहे ती पद्धत बदलायला पाहिजे. दुसरं म्हणजे तुंबलेल्या पाण्याखालच्या चिखलात हवा नसते, तिथे मिथेन तयार होतो आणि भाताच्या काडीतून वर येतो. वीस गुंठ्यांनी जगाचं हवामान सुधारणार नाही हे मला कळतं, पण कोकणात जिकडे बघाल तिकडे खाचरंच आहेत, आणि ते साठवलेलं पाणी कमी करून भात तेवढाच येत असेल तर करून बघायलाच हवं.

नाना (माझे चुलते) म्हणाले चिखल केला नाहीस तर पाणी खाचरात टिकणार नाही आणि तण भाताला खाऊन टाकेल. दोन्ही शंका रास्त आहेत.

१३ एप्रिल

साचा आला. पालीला वेल्डिंगवाल्याकडून करून घेतला, २,८०० रुपये. लोखंडी चौकट आणि खाली खुंट्या, दाबला की २५ बाय २५ सेंटीमीटरवर भोकं पडतात. खुंट्या जास्त लांब झाल्या होत्या, अंगणात ओल्या मातीवर दाबून बघितलं तर भोक दोन इंच खोल, एवढ्या खाली गेलेलं भाताचं बी वर येताना दमतं. इंचभर ठेवून बाकी कापून घेतल्या. शिवाय मूठ खूप खाली होती, प्रत्येक वेळी पूर्ण वाकावं लागत होतं, आईने दोनदा उचलून बघितला आणि म्हणाली याने कंबर जाईल. मग दोन्ही बाजूंना कमरेएवढे पाइप जोडून घेतले, त्याचे ३५० वेगळे. करून घेणार असाल तर मूठ आधीच उंच सांगा.

४ मे

वरची दोन खाचरं (१२ गुंठे) आधी घेतली. ट्रॅक्टर आत उतरत नाही, पॉवर टिलर भाड्याने आणला आणि सरी नीट काढायला फावड्यावर माणसं. १३६ सेंटीमीटरवर दोरी मारायची, मध्ये साधारण मीटरभर रुंद गादी आणि बाजूला सरी. जमीन इतकी कडक झालीय की ढेकळं फोडण्यातच निम्मा वेळ गेला.

सऱ्या सरळ बांधाच्या मोरीपर्यंत नेल्या तर पहिल्याच मोठ्या पावसात सगळं पाणी एकाच ठिकाणी आपटून बांध फोडणार असं वाटलं, म्हणून सगळ्या सऱ्यांच्या तोंडाशी एक आडवी चारी ठेवली आणि तिथून एकच वाट मोरीकडे दिली. खालची दोन खाचरं (८ गुंठे) महिनाअखेरीला करायची आहेत, टिलरवाला तेव्हा मोकळा आहे म्हणाला.

२२ मे

महिनाअखेर आता विसरायची. दोन दिवस नुसता कोसळतोय. आमच्याकडे रोहिणी नक्षत्रात धूळवाफ, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत, पेरणी करायची रीत, रोहिणी लागते २५ मेला आणि त्याच्या आधीच ओढ्याला पाणी, पोरं वलगणीचे मासे धरायला पळतायत. ज्यांनी राब भाजला नव्हता त्यांचे ओले पालापाचोळे तसेच पडून आहेत. खालच्या दोन खाचरांत टिलर घालणं शक्यच नाही, पाऊल रुततंय.

२७ मे

काल मान्सून मुंबईत दाखल झाल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं, नोंदी ठेवायला लागल्यापासून इतक्या लवकर कधीच नव्हता आला. दोन वर्षांत एकदा २५ जून आणि एकदा २६ मे, महिन्याचा फरक. आजोबांच्या नक्षत्रांच्या हिशोबावर शेती उभी होती ती आता कशावर उभी करायची हा प्रश्न आमच्यासमोर खरोखरचा आहे.

खालची आठ गुंठे यंदा नेहमीसारखी चिखलणी करूनच लावणार, नाना तिकडे चारसूत्री (जोडओळीत लावणी आणि खताच्या गोळ्या खोचायची पद्धत) करतील. निदान तुलना तरी होईल.

३ जून

पाऊस ओढलाय, वापसा येतोय, म्हणजे चिखल जाऊन जमीन काम करण्याजोगी होतेय. गादीवाफ्यांच्या कडा ढासळल्या होत्या त्या फावड्याने वर ओढल्या. खरी अडचण वेगळीच निघाली, मेच्या पावसाने पेरणीच्या आधीच हिरवंगार तण उगवलंय. एसआरटीच्या मूळ पद्धतीत अशा तणावर ग्लायफोसेट हे तणनाशक मारतात. पण २०२२ च्या ऑक्टोबरपासून केंद्राच्या नियमाने ते फक्त कीड नियंत्रणाचा परवाना असलेल्यांनीच वापरायचं आहे, शेतकऱ्याने स्वतः मारायचं नाही. दुकानात कोण काय देतं तो भाग वेगळा, ओढा आमच्या बांधाला लागून आहे आणि तेच पाणी खालच्या वाडीत गुरांना जातं, आम्ही मारणार नाही.

मग खुरपी. सहा बायकांची मजुरी, ३५० प्रमाणे २,१०० रुपये. वाफा उकरायचा नाही, नुसतं वरून खरवडायचं हे प्रत्येकीला दाखवावं लागलं, कारण खोल खणलं की खालचं बी वर येतं आणि परत उगवतं. पैसे गेले पण पेरणीआधी एक पीक तणाचं निघून गेलं हेही खरं.

९ जून

काल मृग लागला, कालच टोकण सुरू केली. बी कर्जत-७, हळवं, ११५ ते १२० दिवसांचं. बी आधी मिठाच्या पाण्यात टाकलं (दहा लिटरला ३०० ग्रॅम), वर तरंगलेलं पोचट काढलं, स्वच्छ धुऊन सावलीत वाळवलं. भोकात तीन-चार दाणे, चिमूटभर १५:१५:१५ खत, वरून माती. राबासाठी जेवढं बी लागायचं त्याच्या निम्मंही लागलं नाही.

साच्यावर उभं राहून दाबणारा एक, मागून टोकणाऱ्या बायका. पहिल्या दोन वाफ्यांना ताल बसेना, तिसऱ्यापासून हात बसला. आईचं निरीक्षण असं की लावणीत दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून राहावं लागतं, इथे कोरड्यात बसून सरकत जाता येतं, संध्याकाळी पाय सुजले नाहीत. हे कुठल्या खर्चाच्या तक्त्यात येत नाही पण आमच्या घरात याच्यामुळे अर्धा विरोध मावळला.

आज सकाळपासून उघडीप बघून ऑक्झिफ्लोरफेन हे तणनाशक फवारत गेलो. हे उगवणीच्या आधी ओल्या जमिनीवरच मारायचं, टोकणीनंतर एक-दोन दिवसांत, प्रमाण लेबलवर आहे तेवढंच. फवारल्यावर वाफ्यावरून चालायचं नाही, वरचा थर मोडला की तिथून तण येतं, सरीतूनच चाला. दुपारी चारला जोरदार सर आली. किती धरलं आणि किती वाहून गेलं ते आता उगवणीनंतरच कळेल.

१९ जून

उगवण चांगली होती आणि मग १५-१६ ला धो धो पडला. वरच्या खाचरातले वाफे उभे राहिले, दुसऱ्या खाचराच्या मोरीजवळचे चार वाफे पूर्ण पाण्याखाली गेले. ते चार वाफे बाकीच्यांपेक्षा बोटभर खाली आहेत, मेमध्ये दोरी नीट मारली होती पण जमिनीची पातळी बघितली नव्हती. पाणी उतरल्यावर भोकं उकरून बघितली, बी कुजून पिठासारखं झालेलं. बाकीच्या ठिकाणी खेकड्यांनी कोंब कुरतडलेत, कापलेला शेंडा भोकाच्या तोंडाशीच पडलेला दिसतो.

नांग्या (रिकाम्या राहिलेल्या जागा) भरायला दोन वाटा होत्या, परत बी टोकायचं किंवा जिथे दाट उगवलंय तिथली रोपं उपटून लावायची. बी परत टोकलं तर ते दहा दिवस मागे राहणार आणि कापणीला एकसारखं पिकणार नाही. म्हणून रोपं हलवली. मोरी सहा इंच खाली उतरवली आणि तिला दगड लावून ठेवला, मोठ्या पावसात दगड काढायचा, उघडीप असली की परत लावायचा. नानांच्या पहिल्या शंकेला हे उत्तर आहे, गादीवर पाणी साठवायचंच नाहीये, सरीत चार बोटं राहिलं तरी गादीला ओल पुरते.

८ जुलै

खालच्या आठ गुंठ्यांत लावणी झाली. सगळ्या गावाची लावणी एकाच आठवड्यात, मजुरी ४०० आणि जेवण, तरी माणूस मिळेना. नानांनी चारसूत्रीप्रमाणे जोडओळ लावली आणि चार चुडांच्या (एकत्र लावलेल्या रोपांच्या) मधोमध युरिया-डीएपीची ब्रिकेट, म्हणजे खत दाबून केलेली गोळी, खोचली.

वरती आम्ही थोडा युरिया विसकटून दिला होता तो रात्रीच्या पावसात सरीतून वाहून गेला असणार, वाफे फिकट पडलेत. मग नानांच्याच उरलेल्या ब्रिकेट गादीवर चार ठोंबांच्या मध्ये दोन-तीन इंच खोल खोचल्या. सरी काढलेल्या शेतात वरून टाकलेला युरिया टिकत नाही, आणि जमीन ओली-सुकी होत राहिली की त्याच नत्राचा नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो, तो मिथेनपेक्षाही वाईट. तेव्हा एसआरटी करणाऱ्यांनी ब्रिकेट पहिल्यापासूनच ठरवून ठेवाव्यात असं माझं स्पष्ट मत झालंय.

२८ जुलै

तण. ही नोंद नीट वाचा, बाकीच्या चाळल्या तरी चालतील.

चिखलणी म्हणजे फक्त रोपं लावायची सोय नाही, ती भाताची मुख्य निंदणी आहे. चिखल फिरवला की तण गाडलं जातं आणि वर पाणी उभं राहिलं की नवीन उगवत नाही. आपण दोन्ही काढून टाकलं, तर ते काम दुसऱ्या कशाने तरी करावंच लागणार. आमच्याकडे ज्या वाफ्यांवर तणनाशक सर यायच्या आत बसलं तिथे वाफे स्वच्छ आहेत. शेवटी फवारलेले, म्हणजे पावसाच्या जेमतेम तासभर आधीचे, तिथे लव्हाळा गुडघ्यापर्यंत आणि भातासारखंच दिसणारं एक गवत, ते पोटरीपर्यंत आल्याशिवाय ओळखूच येत नाही. आईला येतं. ती पान बोटांत धरून मुळाशी बघते, भाताच्या पानाच्या बेचक्यात बारीक पांढरा पापुद्रा आणि केस असतात, त्या गवताला नसतात. साच्यामुळे एक मदत झाली, भात २५ बाय २५ च्या रेषेतच असल्याने रेषेबाहेरचं सगळं उपटा एवढं तरी नवीन माणसाला सांगता येतं.

दोन निंदण्या मिळून चौदा मजुऱ्या, ४,९०० रुपये. खाली नानांच्या आठ गुंठ्यांना दोन मजुऱ्यांत काम झालं. लावणीतून वाचलेले पैसे इथे निघून गेले. आणि ही मजुरी लावणीसारखी एका आठवड्यात संपत नाही, जूनपासून जुलैअखेर बायकांच्या मागे लागून राहते, त्यातली निम्मी आमच्या घरच्याच बायकांची. ज्यांच्या घरी निंदायला कुणी नाही त्यांनी पहिल्या वर्षी पाच गुंठ्यांच्या वर जाऊ नये.

सरीतलं तण मात्र उपटून सरीतच दाबलं, पाण्यात कुजून जातंय, बांधावरच्या गिरिपुष्पाच्या फांद्याही तिथेच टाकल्या.

२० ऑगस्ट

१६ पासून चार दिवस अतिवृष्टी. खालच्या खाचराचा बांध खेकड्याच्या बिळातून फुटला, नानांचं साधारण अर्धा गुंठा भात मातीखाली गेलं. वरती सऱ्यांनी पाणी काढून नेलं, वाफ्यांच्या कडा झिजल्या पण ठोंब हलला नाही. महिन्याच्या सुरुवातीच्या उघडिपीत मोरीला दगड लावून ठेवला होता, १६ ला पहाटे पावसात जाऊन काढावा लागला. एसआरटीत पाण्याची राखण कमी होते हे बरोबर, पण मोरीशी माणूस लागतोच.

६ सप्टेंबर

गणपती-गौरी झाल्यावर नाना स्वतः म्हणाले चल बघू. दोन्हीकडचा एकेक ठोंब खणून काढला आणि बादलीत धुतला. खालच्याची मुळं तपकिरी, काही काळपट, मातीला सडक्या अंड्यासारखा वास. वरच्याची पांढरी, जाड, झुपकेदार आणि धुताना माती सुटता सुटेना. वाफ्यावर गांडुळांच्या विष्ठेचे बारीक ढीग दिसतायत. नाना काही बोलले नाहीत, मुळं परत परत हाताने मोकळी करून बघत होते. फुटवे वरती जास्त आहेत, पण चार बुडालेल्या वाफ्यांत विरळच.

१२ ऑक्टोबर

काल वरचं भात कापलं. थेट टोकल्यामुळे उपटून लावायचा धक्का बसला नाही, खालच्यापेक्षा आठ-दहा दिवस आधी तयार झालं. महिन्याच्या सुरुवातीला अरबी समुद्रात शक्ती चक्रीवादळ होतं, किनाऱ्याला इशारे आले होते, ते दूर गेलं तोपर्यंत जीव टांगणीला.

लवकर पिकल्याचा तोटाही बघितला. आसपास सगळं हिरवं आणि आमचंच पिवळं, त्यामुळे पूर्ण गावाची पाखरं आमच्यावर. चकाकणाऱ्या फिती बांधल्या, दोन दिवसांनी पाखरं त्यांना सरावली. शेवटी सकाळ-संध्याकाळ माणूस बसवला. शेजाऱ्यानेही केलं असतं तर नुकसान वाटलं गेलं असतं. कापताना ठोंब जमिनीपासून चार बोटं ठेवून कापला, उपटला नाही.

२६ ऑक्टोबर

दिवाळीत पाऊस. खालचं भात १९ ला कापून पसरलं होतं, लक्ष्मीपूजनापासून भिजतंय. पेंढ्या उलटून उलटून बघितल्या, खालच्या बाजूच्या लोंब्यांना मोड आलेत. वरचं झोडून, वाळवून घरात आहे. हा फरक फक्त त्या आठ-दहा दिवसांचा आहे.

विम्याचं सांगून ठेवतो कारण गावात अनेकांचा गैरसमज आहे. एक रुपयातला विमा यंदाच्या खरिपापासून बंद झाला, आता विमा रकमेच्या २ टक्के हप्ता, आणि भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगातून (काही शेतांतलं पीक कापून मोजतात त्यातून) निघालेल्या महसूल मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर. कापून पसरलेलं भिजलं म्हणून वैयक्तिक दावा करायची सोय यंदा उरलेली नाही. पाऊस जेव्हा नेमका काढणीतच यायला लागलाय तेव्हाच हे संरक्षण काढलं, लहान शेतकऱ्यावर हा सरळ अन्याय आहे.

१६ नोव्हेंबर

हिशोब. घरच्यांची मजुरीही बाहेरच्या दराने धरलीय.

वर, १२ गुंठे: पेरणीआधीची खुरपणी २,१००, टोकण २,१००, तणनाशक ६००, निंदणी ४,९००, खत १,२००. एकूण १०,९००, गुंठ्याला साधारण ९०८. गादीवाफ्यांचे ५,४०० आणि साच्याचे ३,१५० यात नाहीत, ते एकदाचेच.
खाली, ८ गुंठे: राब ७००, चिखलणी १,८००, लावणी २,८००, निंदणी ७००, खत ८००. एकूण ६,८००, गुंठ्याला ८५०.

भात वर ४ क्विंटल ३० किलो, खाली २ क्विंटल ९० किलो. म्हणजे गुंठ्याला दोन्हीकडे ३६ किलोच्या आसपास, वाढ काही नाही. फक्त खालच्यातलं साठेक किलो मोड आलेलं, काळवंडलेलं आहे, ते कोंबड्यांना. यंदाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ आहे, तेव्हा सगळी मजुरी धरली तर दोन्हीकडे तोटाच दिसतो, आम्ही खायला पिकवतो म्हणून चालतं. एसआरटीने उत्पन्न दुप्पट होतं असं कुणी सांगितलं तर पहिल्या वर्षी तरी धरून चालू नका. आम्हाला मिळालं ते म्हणजे पावसाच्या आधी घरात आलेलं धान्य, आणि पुढच्या वर्षी मेमध्ये पाऊस आला तरी तयार असलेले वाफे.

१४ डिसेंबर

वाफ्यांवर न नांगरता कडवे वाल टोकलेत. दिवाळीच्या पावसाने ठोंबांना परत फुटवे आले होते, ते वालाच्या वाट्याची ओल पितात म्हणून विळ्याने जमिनीलगत छाटून तिथेच आंथरले. एक छाटणी पुरली नाही, दोन झाल्या.

वालापेक्षा मोठी अडचण गुरांची. आमच्याकडे भात निघालं की गुरं मोकळी सोडायची जुनी पद्धत आहे, त्यांनी कडेचे वाफे तुडवून सपाट केले. कुणाची चूक म्हणता येणार नाही, वाफे वर्षभर राहतात ही कल्पनाच नवीन आहे. वाडीत बसून बोललो, ओढ्याच्या अलीकडे फेब्रुवारीअखेर गुरं सोडायची नाहीत असं ठरलं, त्या बदल्यात पेंढ्याचे वीस भारे आम्ही द्यायचे. तोपर्यंत जुन्या मासेमारीच्या जाळ्याचं कुंपण.

खालच्या आठ गुंठ्यांत गेल्या आठवड्यात वापशावर वाफे केले. मेमध्ये ढेकळं फोडायला जेवढी माणसं लागली त्याच्या निम्म्यात झालं, आणि या वेळी पाइपात पाणी भरून पातळी बघून मगच दोरी मारली. दोरीचं दुसरं टोक नानांनी धरलं होतं.

साचा आमच्या पडवीत आहे. आसपासच्या वाड्यांत कुणाला करून बघायचं असेल तर येऊन बघा, माप घ्या, एप्रिलपर्यंत वापरायलाही न्या. मेच्या दुसऱ्या आठवड्यात मात्र परत आणून द्या, पुढचा पाऊस कधी येईल ते सांगता येत नाही.